तहान आणि तृष्णा : एका शब्दाच्या दोन वाटा

१

मराठीत तहान लागते, तृष्णा लागत नाही. उन्हातून आलेला माणूस ओसरीवर टेकून ‘तहान लागली’ म्हणतो, तेव्हा घरातले कोणीतरी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी त्याच्यापुढे ठेवते. त्याच्या चारित्र्याविषयी कोणी काही अनुमान करीत नाही. उलट एखाद्याच्या संदर्भात ‘तृष्णा’ हा शब्द उच्चारला, की त्याच्याविषयीचा नैतिक अभिप्राय त्या शब्दातच येऊन बसतो. तहान भागते. तृष्णा भागत नाही, तिचा क्षय करावा लागतो. व्याकरणही हा भेद पाळते. ‘मला तहान लागली’ या वाक्यात तहान हा कर्ता आहे आणि ज्याला ती लागली तो चतुर्थीत उभा आहे. थंडी, ठेच आणि झोप यांप्रमाणे तीही त्याच्यावर येऊन पडलेली गोष्ट आहे. ‘त्याची सत्तेची तृष्णा’ असे म्हटले की माणूस षष्ठीत जातो, तृष्णेचा स्वामी होतो आणि म्हणून तिच्याबद्दल उत्तरदायीही ठरतो.

इतके दूर गेलेले हे दोन शब्द वस्तुतः एकच आहेत. ‘तृष्णा’ हा तत्सम, ‘तहान’ हा त्याच शब्दाचा तद्भव. संस्कृतातून उसना घेतलेला तत्सम आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून झिजत आलेला तद्भव भाषेत शेजारी शेजारी नांदतात आणि कालांतराने अर्थ वाटून घेतात, ही घटना मराठीला नवी नाही. तत्समाकडे सूक्ष्म, प्रतिष्ठित अर्थ आणि तद्भवाकडे घरगुती, मूर्त अर्थ जातो, असा एक ढोबळ नियमही सांगितला जातो. परंतु तहान व तृष्णा यांच्या वाटणीत केवळ सूक्ष्म आणि स्थूल, पंडिती आणि घरगुती असा भेद नाही. येथे एका शब्दाला दोषाचा अर्थ मिळाला आहे आणि दुसऱ्याला निर्दोषतेचा. ही वाटणी कशी झाली, ती कोणत्या अर्थप्रक्रियेने झाली आणि ती विसरल्यास वाचनात कोणता घोटाळा होतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

‘तृष्’ या धातूच्या मुळाशी इच्छेची कल्पना नाही, कोरडेपणाची आहे. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला आणि पुढील शतकातील तौलनिक भाषाभ्यासाने त्या विचाराला नियमबद्ध रूप दिले. त्या अभ्यासाने या धातूचे जे कुटुंब उभे केले ते बोलके आहे. अवेस्तेतील ‘तर्श्न’ म्हणजे तहान. फारसीतील ‘तिश्ना’ म्हणजे तहानलेला. जर्मनमधील ‘डुर्स्ट’ आणि इंग्रजीतील ‘थर्स्ट’ हे तहानेचेच शब्द आहेत, आणि मूळच्या ‘त’चा जर्मानिक शाखेत झालेला बदल ग्रिमच्या नियमाला धरून आहे. ग्रीक आणि लॅटिनकडे वळले की मात्र तहान मागे पडते आणि निव्वळ शुष्कता उरते. ग्रीक ‘तेर्सोमाइ’ म्हणजे सुकणे. लॅटिन ‘तोर्रेरे’ म्हणजे शेकणे, भाजणे. लॅटिनमधील भूमिवाचक ‘तेर्रा’ हा शब्दही याच कुटुंबातला मानला जातो. पाण्याच्या तुलनेत जी कोरडी ती भूमी. घसा कोरडा पडणे आणि जमीन कोरडी असणे या दोन्ही गोष्टींना एकच मूळ पुरले. मराठी माणूस आजही ‘घशाला कोरड पडली’ म्हणतो. या प्रयोगाचा तृष् धातूशी शब्दसंबंध काही नाही. पण भाषेने पुन्हा एकदा त्याच प्रतिमेचा आश्रय केला आहे.

संस्कृतात तहानेसाठी दुसरा शब्द आहे तो ‘पिपासा’. त्याची घडण पूर्णपणे वेगळी आहे. ‘पा’ म्हणजे पिणे, आणि त्याला इच्छार्थक सन् प्रत्यय लागून झालेले रूप म्हणजे पिपासा : पिण्याची इच्छा. जिज्ञासा, बुभुक्षा, चिकीर्षा यांच्या पंक्तीतला हा शब्द. हिंदीतील ‘प्यास’ ही पिपासेची वंशज. गुजराती ‘तरस’ ही तर्ष या रूपाची. मराठीतील तहान आणि कोकणीतील तान या तृष्णेच्या लेकी. एका शब्दाने देहाची अवस्था सांगितली, दुसऱ्याने त्या अवस्थेतून उठणारी इच्छा सांगितली.

यावरून मराठी भाषक तहानेला कोरडेपणा समजतो आणि हिंदी भाषक तिला इच्छा समजतो, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. आणि व्युत्पत्तीच्या मर्यादेची पहिली खूण येथेच मिळते. पुढील इतिहास तर व्युत्पत्तीच्या थेट उलट दिशेने गेला. ज्या शब्दाच्या पोटात ‘इच्छा’ उघडपणे बसली होती, ती पिपासा पुष्कळ काळ पाण्याजवळच राहिली; आणि ज्याच्या पोटात केवळ कोरड होती, ती तृष्णा भारतीय विचारात इच्छेचे सर्वांत भयंकर नाव झाली.

३

अर्थाच्या या प्रवासाकडे वळण्यापूर्वी ध्वनीचा प्रवास पाहणे अवश्य आहे, कारण तहान ही तृष्णाच होय याचा पुरावा तेथे आहे. प्राकृतात ऋकाराचा अकार होतो आणि ष्ण या जोडाक्षराचे ण्ह होते : कृष्ण–कण्ह, उष्ण–उण्ह, तृष्णा–तण्हा. पुढे मराठीत येताना जोडाक्षराआधीचा स्वर दीर्घ होतो, शब्दान्तीचा आकार गळतो आणि दुहेरी ण-चा न होतो. कर्ण–कण्ण–कान या मालिकेत न दिसतो. भिक्षा–भीक, लज्जा–लाज, खट्वा–खाट या मालिकेत शेवटचा आकार गेलेला दिसतो. या नियमांनी ‘तण्हा’चे ‘तान्ह’ होते आणि तहानेने व्याकूळ झालेला तो ‘तान्हेला’. शेवटी या न्ह-मधला हकार पुढे सरकतो व त्याला स्वतंत्र स्वर मिळतो. ‘तान्ह’ची ‘तहान’ होते. हे एकट्या तहानेचे लहरी रूप नाही. श्लक्ष्ण या संस्कृत शब्दाचे प्राकृतात लण्ह झाले, त्याचे लान्ह आणि त्याचेच मराठीत ‘लहान’. तहान आणि लहान हे शब्द एकाच साच्यातून निघाले आहेत. झ्यूल ब्लोक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात ज्या प्रकारचे ध्वनिनियम शिस्तीने मांडले, त्यांची ही सुबक उदाहरणे म्हणता येतील.

या बदलांच्या काही खुणा महाराष्ट्राच्या दगडांवरही कोरलेल्या आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका शिलालेखात सातवाहन कुळातील राजाचे नाव ‘कण्ह’ असे येते. साष्टीतील कृष्णगिरीची कान्हेरी झाली. महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एक दानलेख आहे आणि त्यात दाता राजकुमाराचे नाव ‘व्हेणुपालित’ असे आहे. हा विष्णुपालित. विष्णूतील ष्ण-चा ण्ह होऊन हकार आपली जागा सोडून आधीच्या अक्षरात शिरला आहे. तान्हची तहान होताना हकाराने जी हालचाल केली, तशीच चंचलता येथे अनेक शतके आधी दिसते. या लेखात लेणे, चैत्यगृह आणि ओवऱ्या यांच्या दानाबरोबर लेण्याच्या दोन्ही अंगांस असलेल्या दोन ‘पोढी’ दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सह्याद्रीतील लेण्यांच्या दानलेखांत पोढीचा हा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तृष्णेचा क्षय साधण्यासाठी डोंगरात जाऊन राहिलेल्या भिक्षूंच्या तहानेची सोय दात्यांनी पाण्याच्या टाक्यांनी केली होती. या साध्या वस्तुस्थितीत जो भेद अनुस्यूत आहे, त्याचाच शोध आता अर्थाच्या अंगाने घ्यायचा आहे.

४

ऋग्वेदात तृष् धातूची रूपे प्रथमतः देहाच्या तहानेला धरून येतात. पहिल्या मंडलातील मरुतांच्या एका सूक्तात (१.८५) तहानलेल्या गोतमासाठी मरुतांनी विहीर ढकलून आणली आणि तिचा झरा त्याच्याकडे वळवला अशी कथा सूचित आहे. तेथे तहान ही दैवी करुणेला पात्र अशी आपत्ती आहे. परंतु सातव्या मंडलातील वसिष्ठाच्या वरुणसूक्तात (७.८९) एक विलक्षण स्थिती येते : स्तोता पाण्याच्या मध्यभागी उभा आहे आणि तरीही तहानेने त्याला गाठले आहे. वरुणाशी जोडल्या गेलेल्या जलोदर या व्याधीचे हे वर्णन आहे असे काही अभ्यासक मानतात. ते मान्य केले तरी सूक्तातील क्षमायाचनेमुळे तहान निव्वळ शारीरिक राहत नाही. पाणी चहूकडे असून तहान उरणे याचा अर्थ पाण्याने भागणार नाही अशा तहानेची कल्पना येथे शक्य झाली आहे. पुढील साऱ्या अर्थविस्ताराचे बीज या एका स्थितीत पाहता येते.

त्या बीजाचा वृक्ष झाला तो पाली वाङ्मयात. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनातील दुसरे आर्यसत्य दुःखाचा समुदय सांगते आणि त्याचे नाव ‘तण्हा’ असे देते. ती त्रिविध आहे : कामतण्हा, भवतण्हा आणि विभवतण्हा. यांपैकी तिसरी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. विभवतण्हा म्हणजे नसण्याची, नाहीसे होण्याची तहान. ज्या शब्दाने एके काळी जिवंत देहाची पाण्यासाठीची हाक सांगितली, तोच शब्द आता न जगण्याच्या ओढीलाही लावता येतो; शब्द पाण्यापासून किती दूर आला हे यावरून कळते. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेतून तण्हा आणि तण्हेतून उपादान उद्भवते; धम्मपदाचा चोविसावा वर्ग तण्हेलाच वाहिलेला आहे. तेथे ‘तण्हा’बरोबर ‘तसिणा’ हे त्याच संस्कृत शब्दाचे स्वरभक्तीने फोडलेले दुसरे रूपही आढळते.

मग भिक्षूला पाण्याची तहान लागली तर पालीत काय म्हणावे? महापरिनिब्बानसुत्तातील एक प्रसंग या प्रश्नाचे उत्तर देतो. कुसिनाऱ्याच्या वाटेवर, शेवटच्या आजारात, थकलेले बुद्ध एका झाडाखाली बसतात आणि आनंदाला पाणी आणायला सांगतात. नुकत्याच पाचशे गाड्या ओहोळातून गेल्याने पाणी गढूळ झाले आहे, पुढे नदी आहे, असे आनंद सुचवतो; पण बुद्ध पुनःपुन्हा तेच मागतात, आणि अखेर आनंद जातो तेव्हा पाणी निवळलेले असते. आपल्या तहानेसाठी बुद्ध येथे जो शब्द वापरतात तो ‘पिपासित’. तण्हेपासून सर्वस्वी मुक्त झालेला पुरुष तहानलेला असू शकतो, ते स्पष्ट शब्दांत सांगू शकतो, आणि त्यात कोणतीही विसंगती सुत्तकाराला जाणवत नाही. दोन स्थितींसाठी दोन शब्द असल्यामुळेच हे वाक्य निःसंकोचपणे लिहिता आले. देहाच्या तहानेवर ठपका ठेवणे हे तण्हेच्या सिद्धान्तात अभिप्रेत नव्हते, याचा याहून बळकट पुरावा शोधण्याची गरज नाही.

वैदिक परंपरेतही तृष्णेची वाट याच दिशेने गेली. महाभारताच्या आदिपर्वातील ययाती पुत्राचे तारुण्य घेऊन भोग घेतो आणि शेवटी उपभोगाने काम शमत नाही, देह जीर्ण होतो पण तृष्णा जीर्ण होत नाही, या जाणिवेला येतो. वि. स. खांडेकरांच्या १९५९ मधील कादंबरीने हीच कथा आधुनिक मराठी वाचकापुढे भोगवादी संस्कृतीवरचे भाष्य म्हणून ठेवली. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात रजोगुणाचा संबंध तृष्णा आणि संग यांच्याशी जोडलेला आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात तृष्णेचा धिक्कार हा एक स्थायी विषयच आहे. गीतेवरील टीकांतून, पुराणिकांच्या आणि कीर्तनकारांच्या निरूपणांतून तृष्णा हा तत्सम शब्द मराठीत रुळला तो हा सारा भार बरोबर घेऊनच.

५

या अर्थान्तराचे स्वरूप संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘धनाची तृष्णा’ या प्रयोगात पाण्याची तहान हा मुख्यार्थ लागू पडत नाही. ओढ आणि अतृप्ती या साम्याने संबंध जुळतो. आणि प्रारंभी जे प्रयोजन असेल ते वापराने झिजून रूढी उरते. रूढीचे उदाहरण म्हणून मम्मटाने ‘कुशल’ हा शब्द दिला. कुश आणणारा तो कुशल, त्यावरून निपुण. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने या उदाहरणावर घेतलेला आक्षेप शब्दाच्या इतिहासात रस असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. त्याच्या मते शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. शब्द कशापासून झाला यावरून त्याचा मुख्यार्थ ठरत नाही, तो कशासाठी वापरला जातो यावरून ठरतो. ‘कुशल’चा मुख्यार्थ निपुण हाच आहे, तेथे लक्षणा मानण्याचे कारण नाही.

हाच न्याय लावला तर तृष्णेचा आजचा मुख्यार्थ लालसा हा आहे आणि तेथे रूपक उरलेले नाही. अमरकोशात या स्थित्यंतराची जणू मधली पायरी नोंदलेली दिसते. देहाच्या तहानेसाठी अमरसिंह उदन्या, पिपासा, तृट् आणि तर्ष हे शब्द एकत्र देतो. तृष्णा हा शब्द मात्र नानार्थवर्गात येतो आणि स्पृहा व पिपासा असे त्याचे दोन अर्थ सांगितले जातात. कोशकाराच्या दृष्टीने तृष्णा तेव्हाच द्व्यर्थी झाली होती. मराठी तत्समात त्या दोहोंपैकी एकच अर्थ उरला. पाणी त्या शब्दातून पूर्णपणे आटले.

मराठीने या शब्दातून पाणी कसे वगळले याचे एक सूक्ष्म उदाहरण मृगजळाचे आहे. संस्कृतात या आभासाला मृगतृष्णा किंवा मृगतृष्णिका म्हणतात. हरणाची तहान हेच त्या दृश्याचे नाव झाले आहे आणि भ्रमाचे मूळ पाहणाऱ्यात दाखवले आहे. मराठीने बोलण्यात ‘मृगजळ’ स्वीकारले. भ्रमाचा आरोप वाळूवर, खोट्या पाण्यावर गेला. हरणाची तहान मात्र खरी राहिली.

६

तद्भव तहान ज्या वाटेने आली तिच्यावर वैराग्याचा उपदेश नव्हता असे नाही, पण तिचा सहवास प्रामुख्याने विहिरी, पाणपोया, शेते आणि वाटसरू यांच्याशी राहिला. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत एक प्रसिद्ध गाथा आहे. पाणपोईवर पाणी पिणारा प्रवासी डोळे वर करून, ओंजळीची बोटे विरळ करून सावकाश पितो, आणि पाणी घालणारी तरुणी तशीच पाण्याची धार बारीक करीत नेते. गाथेत तहानेचा शब्द नाही, प्रेमाचाही नाही. दोघांच्या हातांच्या हालचालींतून एक दुसरीच तहान सुचते. येथे पाणी कोठेही नाहीसे झालेले नाही. प्रवासी खरोखर पाणी पीत आहे, आणि त्या पिण्याच्या वाच्यार्थावरच दुसरा अर्थ उभा आहे. आनंदवर्धनाच्या परिभाषेत हा विवक्षितान्यपरवाच्य ध्वनी होय : वाच्यार्थ अभिप्रेत असतो आणि तो आपल्यापलीकडच्या अर्थाकडे नेतो. तृष्णेच्या बाबतीत वाच्यार्थ बाजूला सारल्याखेरीज दुसरा अर्थ येत नाही. तहान व तृष्णा यांच्यातील भेद शब्दशक्तीच्या अंगाने मांडायचा तर तो हा आहे.

मराठी वाक्प्रचारांतील तहान याच वाटेची आहे. ‘तहानभूक विसरणे’ या प्रयोगात कामात किंवा भक्तीत बुडालेल्याचे वर्णन आहे. तहान ही जगण्याची किमान खूण आहे आणि ती विसरली जाणे हेच विशेष. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ या म्हणीत दोष तहानेला दिलेला नाही, वेळेवर विहीर न खणणाऱ्याच्या अदूरदृष्टीला दिला आहे. प्रवासाच्या शिदोरीला ‘तहानलाडू-भूकलाडू’ म्हणणाऱ्या भाषेने तहानेची सोय करणे हे प्रेमाचे काम मानले.

संतचरित्रांत ही दृष्टी कथारूप घेते. नामदेव आणि ज्ञानदेव तीर्थयात्रेत मारवाडच्या रुक्ष प्रदेशात तहानेने व्याकूळ होतात, ही कथा तीर्थावळीच्या अभंगांतून आणि महिपतींच्या भक्तविजयातून आली आहे. विहीर खोल, ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरतात व पाणी पितात, नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर उचंबळून वाहू लागते. ज्ञान आणि भक्ती यांच्या तुलनेसाठी ही कथा सांगितली जाते. मात्र दोघांपैकी कोणीही तहान जिंकण्याचा प्रयत्न करीत नाही, याकडे लक्ष क्वचितच जाते. गोतमासाठी झरा वळवणाऱ्या मरुतांच्या सूक्तापासून नामदेवांच्या विहिरीपर्यंत पाणी तहानलेल्याकडे येते ही कल्पना अखंड राहिली आहे. काशीहून आणलेली, रामेश्वरी वाहायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती करणाऱ्या एकनाथांची कथाही याच परंपरेतली. देवाच्या अभिषेकाहून तहानेचा हक्क मोठा, एवढे ती कथा निःसंदिग्धपणे सांगते. त्या गाढवाला कोणी तृष्णाक्षयाचा उपदेश करीत नाही.

७

हा हक्क कथेत मान्य करणारा समाज प्रत्यक्षात तो मान्य करीत होता काय, हा प्रश्न महाडच्या चवदार तळ्याने विचारला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे ठरवले होते. तरीही प्रत्यक्षात तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, अन्य धर्मीय पाणी भरीत, आणि अस्पृश्यांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेसाठी जमलेले लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

१९२७ च्याच डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी या कृतीचा अर्थ स्पष्ट केला. या तळ्याचे पाणी न पिता आजवर आपण मेलो नाही आणि ते प्यायल्याने अमर होणार नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. वरवर पाहता हे तहानेचे लाक्षणिकीकरण वाटेल : पाणी हे निमित्त, समता हा खरा अर्थ. परंतु लक्षणेला मुख्यार्थाचा बाध लागतो, आणि येथे बाध नाही. पाणी पाणीच होते, ते ओंजळीने प्यायले गेले, आणि ते प्रत्यक्ष प्यायल्याखेरीज समतेचा अर्थ सिद्धच होणार नव्हता. गाथेतील प्रवाशाच्या पिण्याप्रमाणे या पिण्यातही वाच्यार्थ कायम राहून पलीकडचा अर्थ प्रकटला. वरुणसूक्तातील स्तोता पाण्यात उभा असून तहानलेला होता त्याचे कारण त्याच्या अपराधात शोधले गेले. महाडला पाण्याकाठी उभ्या असलेल्यांची तहान दुसऱ्यांच्या अपराधाने होती.

येथे शब्दाचा इतिहास एका खऱ्या अडचणीपाशी येऊन पोहोचतो. १९२७ मध्ये तहानेचा हक्क मागणाऱ्या नेत्यानेच १९५६ मध्ये लाखो अनुयायांसह ज्या धम्माची दीक्षा घेतली, त्या धम्मात दुःखाच्या कारणाचे नाव तण्हा आहे. आणि ध्वनिनियमांच्या साक्षीने तण्हा म्हणजेच तहान. व्युत्पत्तीलाच अर्थ मानणारा वाचक येथे विसंगती काढील : जिच्यासाठी लढा दिला तीच त्यागायची कशी? ही शंका केवळ शाब्दिक नाही. वंचिताला संयम शिकवणारी आणि त्याच्या मागणीला लोभ ठरवणारी प्रत्येक व्यवस्था तहानेला तृष्णा म्हणूनच तर वाचीत आली आहे.

आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या शंकेचे उत्तर आहे. चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी त्यांनी प्रास्ताविकातच प्रश्न उपस्थित केला. पुढे तण्हेचा विचार करताना त्यांनी महानिदानसुत्तातील साखळीला महत्त्व दिले. त्या साखळीत तण्हेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून आसक्ती व परिग्रह, परिग्रहातून मात्सर्य आणि राखण, आणि राखणीतून काठ्या-शस्त्रे उचलणे, कलह व असत्य असा क्रम येतो. त्या क्रमाने पाहिले असता महाडला तण्हा कोणाकडे होती हे वेगळे सांगावे लागत नाही. पाणी पिणाऱ्यांकडे तहान होती. ज्यांनी सर्वांचे तळे आपले म्हणून राखले आणि त्यासाठी काठ्या उचलल्या, त्यांच्याकडे तण्हा होती. पाण्याने भरलेल्या तळ्याच्या मालकीची ओढ ही पाण्याच्या तहानेहून सर्वस्वी निराळी वस्तू आहे, आणि ती पाण्याने शमत नाही.

८

विश्वनाथाचा इशारा म्हणून समीक्षेच्या व्यवहारात लाखमोलाचा आहे. शब्दाचा उगम एक असणे हे त्याच्या अर्थांच्या ऐक्याचे प्रमाण नव्हे. तृष्णा या शब्दाने एका मोठ्या विचारपरंपरेला इच्छेच्या अनंततेचे नाव दिले, आणि त्या नावाची आवश्यकता आजही संपलेली नाही. तहान या शब्दाने देहाची मर्यादित, भागणारी आणि म्हणूनच भागवली जायलाच हवी अशी गरज जपली. मर्यादित गरज भागते. ती भागत नसेल तर दोष गरजेत नसतो, पाणी अडवणाऱ्यात असतो. दलित आत्मकथनांत किंवा ग्रामीण कथेत येणारी तहान केवळ प्रतीक म्हणून, कशाची तरी ‘ओढ’ म्हणून वाचली, तर समीक्षक नकळत तहानेची तृष्णा करतो आणि लेखकाने मांडलेले पाणी वाचनात आटवून टाकतो. तेथे पलीकडचा अर्थ असतोच. पण तो घागर, रांग, पाणवठा आणि लांबून वाढलेली धार यांच्या वाच्यार्थातूनच गाठावा लागतो.

गांधारपाल्याच्या लेण्यांतील टाकी आणि महाडचे चवदार तळे यांच्यात अंतर फारसे नाही. पहिल्या ठिकाणी तृष्णा सोडायला निघालेल्यांसाठी एका दात्याने पाण्याची सोय करून ती दगडावर नोंदवली. दुसऱ्या ठिकाणी तहानलेल्यांना पाण्यापर्यंत जाण्यासाठी परिषद, मोर्चा आणि दहा वर्षांचा दावा लागला. दोन्ही ठिकाणी जो भेद निर्णायक ठरला, तो मराठी भाषा दोन साध्या क्रियापदांनी रोज पाळते. तृष्णा धरली जाते किंवा सोडली जाते. तहान लागते, आणि तिला पाणी द्यायचे असते.